शब्दकोडे आणि बोलीची साक्ष

1957 सालच्या एप्रिल महिन्यात भारतात दोन गोष्टी आठ दिवसांच्या अंतराने घडल्या. 1 एप्रिलला दशमान नाणी चलनात आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. 9 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांविषयी निकाल दिला. पहिल्या गोष्टीने बाजार बदलला, पण बोली बदलली नाही. आणा गेल्याला आता दोन पिढ्या लोटल्या, तरी खरे बोलणाऱ्याचे बोलणे अजून 'सोळा आणे' खरे असते. कवडी तर त्याच्याही पुष्कळ आधी गेली. पण अडलेल्या शेतकऱ्याचा माल आजही 'कवडीमोल' भावानेच विकला जातो. दुसऱ्या गोष्टीने एक प्रश्न उभा केला: शब्दकोडे सोडविणे ही विद्या की जुगार? वरवर पाहता या दोन घटनांचा काही संबंध दिसत नाही. तथापि सरकारने नाणे बदलले तरी लोकांनी ठरविलेला शब्द बदलत नाही, या साध्या अनुभवातच त्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

शब्दकोडे हा खेळ वयाने फारसा मोठा नाही. 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या अमेरिकन वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन या लिव्हरपूलच्या गृहस्थाने पतंगाच्या आकाराचे एक कोडे छापले. आडव्या आणि उभ्या शब्दांचा आजचा सारा पसारा त्यातून वाढला. 1924 मध्ये अमेरिकेत अशा कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले. 1 फेब्रुवारी 1930 रोजी लंडनच्या गंभीर प्रकृतीच्या 'टाइम्स'नेही त्याला आपल्या पानात जागा दिली. खेळाबरोबर बक्षीस आले, बक्षिसाबरोबर प्रवेश फी आली, आणि फी आली तेव्हा व्यापार आला. भारतातही हाच क्रम घडला.

बंगळूर त्या वेळी म्हैसूर राज्याची राजधानी. तेथून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक निघत असे आणि त्यातून 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स' या नावाने बक्षिसांची कोडी प्रसिद्ध होत. या उद्योगाचे संस्थापक आर. एम. डी. चमारबागवाला हे होते. साप्ताहिक छापले जाई बंगळुरात, पण त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता. तेथे भरलेल्या पत्रिका आणि फी गोळा करण्यासाठी प्रतिनिधी आणि केंद्रे नेमलेली होती. मुंबई राज्याने सोडती व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा 1948 मध्ये केला होता. 1952 मध्ये त्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या, परंतु राज्यात खपणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणण्यात आल्या. साप्ताहिकाच्या चालकांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे निकाल शासनाच्या विरुद्ध गेला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

या खटल्यात कायद्याचे पुष्कळ बारकावे होते. सामान्य माणसाशी संबंध असलेला मुद्दा मात्र एकच होता, आणि तो समजण्यासाठी अशा स्पर्धेत पैसे भरणारा माणूस डोळ्यांपुढे आणला पाहिजे. गिरगावातील एखादा कारकून घ्यावा. महिन्याची वीस तारीख उलटली आहे. वाण्याची उधारी थकली आहे. रात्री जेवणे झाल्यावर तो कंदिलाजवळ कोडे घेऊन बसतो. शेजारी शब्दकोश उघडा आहे. पत्नी विचारते, "आज पुन्हा कोडं का?" तो म्हणतो, "यात नशिबाचा संबंध नाही. डोकं चालवलं की झालं." त्याला ते खरे वाटते, कारण शब्द त्याला येतात, शाळेत तो भाषेत पहिला होता. उत्तर चुकले की तो स्वतःच्या बुद्धीला दोष देतो आणि पुढच्या आठवड्यात अधिक पत्रिका भरतो. पत्त्यांच्या अड्ड्यावर जाणारा माणूस निदान आपण जुगार खेळतो हे जाणतो. या कारकुनाला तेवढेही कळत नाही. कारण त्याच्या हाती पत्ते नसून शब्दकोश आहे.

त्याचे चुकते कोठे? मराठीतील एक कल्पित उदाहरण घेऊ. सूचना अशी: 'ही चांगली असेल तर मनुष्य पुढे जातो.' दोन घरे आहेत. दुसऱ्या घरात 'ती' हे अक्षर उभ्या शब्दामुळे आधीच पक्के झाले आहे. पहिल्या घराला मात्र कोणताच उभा शब्द छेदत नाही. उत्तर 'मती' की 'गती'? मती चांगली असलेला मनुष्य पुढे जातो, आणि गती चांगली असलेलाही जातो. दुसरी सूचना: 'संसाराला हिच्यावाचून शोभा नाही.' येथे 'प्रीती' बसते, तशी 'नीती'ही बसते. दोन्ही पक्षांनी व्याख्यान देता येईल. पण खरे उत्तर कोणते हे कोणत्याही पंडिताला सांगता येणार नाही. ते फक्त चालकाच्या मोहोरबंद पाकिटाला ठाऊक असते.

आता थोडा हिशेब करावा. अशा दुटप्पी सूचना एका कोड्यात दहा असल्या, तर दोनाला दोनाने नऊ वेळा गुणावे लागते आणि 1,024 निरनिराळी उत्तरे तयार होतात. सूचना सतरा असल्या तर उत्तरांची संख्या 1,31,072 होते. एका पत्रिकेला चार आणे धरले, तर सर्व शक्यता भरून पाठविण्यास 32,768 रुपये पडतील. चार आणे भरणाऱ्या कारकुनाची संधी म्हणजे एक लाख एकतीस हजारांत एक. त्याची भाषा उत्तम असली तरी ही संधी वाढत नाही, आणि त्याला भाषा मुळीच येत नसली तरी ती कमी होत नाही. ज्या परीक्षेत विद्वान आणि अडाणी यांना अगदी सारखी संधी मिळते, तिला परीक्षा म्हणता येत नाही. इंग्लंडमधील एका न्यायालयाने 1930 नंतरच्या दशकात अशाच एका कोड्याविषयी म्हटले होते की, हे लपवून ठेवलेल्या लक्ष्यावर आंधळेपणाने नेम धरण्यासारखे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मुंबई शासनाचे अपील मान्य केले. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू आणि याज्ञवल्क्य यांच्यापर्यंत दाखले दिले आणि जुगार हा या देशात कधीही प्रतिष्ठित व्यापार मानला गेला नाही असे दाखविले. ही कोडी जुगाराच्या स्वरूपाची ठरली. व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्यांना मिळाले नाही. त्याच दिवशी न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. संसदेने 1955 मध्ये बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देण्यास मनाई केली होती आणि एका स्पर्धेतील पत्रिकांची संख्या दोन हजारांवर बांधली होती. न्यायालयाने ठरविले की, हा कायदा जुगारी स्पर्धांनाच लागू होतो. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे. म्हणजे शब्दकोडे म्हणून कोणी दोषी ठरले नाही. दोषी ठरले ते ज्ञानाचा आधार नसलेले कोडे.

मग ज्ञानाचा आधार असलेले कोडे कसे ओळखावे? येथे बोलीतील वाक्प्रचार आपल्या मदतीला येतो.

'हात' हा एक शब्द घ्यावा. निरुपाय होऊन हार मानणारा हात टेकतो. संकटात मदत करणारा हात देतो. खर्च करताना कचरणारा हात आखडतो. जबाबदारी नाकारणारा हात झटकतो. संधी गेल्यावर पश्चात्ताप करणारा हात चोळीत बसतो, आणि दुसऱ्याच्या मालावर डोळा ठेवणारा हात मारतो. यांपैकी एकाही क्रियापदाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. 'जबाबदारी नाकारणे' अशी सूचना असेल आणि 'हात' या शब्दापुढे चार घरे मोकळी असतील, तर तेथे 'झटकणे' हेच आले पाहिजे. 'आखडणे' या शब्दालाही चारच घरे लागतात आणि त्याच्याही शेवटी 'णे' आहे; तरीही ते चालणार नाही. मोहोरबंद पाकिटात काही का असेना, मराठी बोलणारा कोणीही माणूस ते चूक ठरवील. मती आणि गती यांच्यातील निवड चालक करतो. झटकणे आणि आखडणे यांच्यातील निवड समाजाने शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

नाकाचेही तसेच. तिरस्कार वाटला की नाक मुरडतात, शरण जाताना नाक घासतात, शहाणपणाचा तोरा मिरविणारा नाकाने कांदे सोलतो, आणि कष्टांनी जेरीस आलेल्याच्या नाकी नऊ येतात. नाकी नऊच का, दहा का नाहीत, असे विचारले तर बहुतेकांना कारण सांगता येणार नाही. परंतु आठ किंवा दहा कोणीही म्हणणार नाही. भाषेतील पुष्कळ गोष्टींचे कारण विसरले जाते आणि निर्णय मात्र कायम राहतो. 'पाचावर धारण बसणे' म्हणजे भयाने गर्भगळित होणे. धारण म्हणजे धान्याचा भाव, तो इतका चढला की लोकांची गाळण उडे, असा या वाक्प्रचाराचा खुलासा करतात. आज धारण हा शब्द बाजारात ऐकू येत नाही, तरी घाबरलेल्या माणसाची धारण पाचावरच बसते. ज्याने हा वाक्प्रचार घरी ऐकला आहे, त्याला 'पाच' हे उत्तर बुद्धी न ताणता सुचते. ज्याने ऐकला नाही, त्याला ते कितीही तर्क करून सुचणार नाही. म्हणून अशा सूचनेत नशिबाला वाव नाही. तेथे जे लागते ते ज्ञानच आहे, मग ते ग्रंथातून आलेले असो की माजघरातून.

शिवाय या ज्ञानाला लेखी साक्षही आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी मराठी भाषेचे संप्रदाय आणि म्हणी यांचा संग्रह विसाव्या शतकाच्या आरंभीच केला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे प्रचंड काम केल्यावर 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केला. सूचनेबद्दल वाद झालाच, तर चालकाच्या कपाटाकडे न पाहता सर्वांसाठी खुल्या असलेल्या या ग्रंथांकडे पाहता येते. प्रामाणिक कोड्याचे उत्तर स्पर्धा सुरू होण्यापूर्वीही सार्वजनिक असते. ते फक्त आठवावे लागते.

याचा अर्थ सूचना सरळच असावी असा नाही. कोड्यात चकवा हवाच. पण तो न्यायाचा चकवा असावा. 'मांडवात झाला तर अभिनंदन, चौकीत झाला तर नाचक्की' अशी सूचना वाचून सोडविणारा क्षणभर थबकेल. मराठीत लग्न होणाऱ्यालाही 'चतुर्भुज झाला' म्हणतात आणि बेड्या पडणाऱ्यालाही. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर लिहितात आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते. त्यामुळे चार हातांच्या या शब्दाला घरेही चारच लागतात. 'समुद्रातून निघाले, छडीत दिसले' ही सूचना वाचून पुराण जाणणारा चौदा रत्नांपर्यंत जाईल, आणि जुन्या शाळेत शिकलेला 'चौदावे रत्न' म्हणजे मार हे चटकन ओळखील. उत्तर कळल्यावर सोडविणारा 'असे होय!' म्हणून हसला, तर सूचना चांगली. तो 'हे का, ते का नाही?' असे विचारू लागला, तर सूचना लिहिणारा चुकला. एवढी एकच कसोटी पुरेशी आहे.

काही वेळा एकाच म्हणीची दोन रूपे असतात हे खरे. घरात दारिद्र्य आणि बाहेर डौल, अशा माणसाविषयी कोणी 'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा' असे म्हणतात. कोणी बाजीरावाच्या जागी हवालदार घालतात. परंतु बाजीरावाला घरे चार लागतात आणि हवालदाराला पाच. सूचनेपुढे घरांची संख्या दिली की वाद मिटला. 'आपल्याच पायावर' मारून घ्यायचा तो धोंडा की ती कुऱ्हाड, हेही घरे मोजून कळते. धोंड्याला दोन, कुऱ्हाडीला तीन. जेथे घरे सारखी असतील, तेथे वादाच्या अक्षरातून उभा शब्द गेला पाहिजे. बोलीतील वैविध्य हा कोड्याचा दोष नाही. त्या वैविध्याचा फायदा घेऊन सोडविणाऱ्याचे चार आणे लाटणे, हा दोष.

बंगळुरातील मराठी माणसाला हे वैविध्य चांगले परिचयाचे आहे. 1638 मध्ये हे शहर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हापासून मराठी तेथे नांदत आली आहे. पुढे नोकरीच्या आणि उद्योगाच्या निमित्ताने बेळगावकडून, पुण्याकडून, इंदूरकडून माणसे येत राहिली आणि प्रत्येकाने आपापली बोली बरोबर आणली. बाहेर कानांवर कन्नड पडते, आणि तीही वाक्प्रचारांनी तितकीच श्रीमंत आहे. बाजीरावाच्या म्हणीचा अर्थ कन्नडमध्ये सांगायचा, तर 'होट्टेगे हिट्टिल्लदिद्दरू जुट्टिगे मल्लिगे हू' असे म्हणतात; पोटाला पीठ नाही, तरी शेंडीला मोगऱ्याचे फूल. मनुष्याचा स्वभाव तोच. फक्त मराठीने त्याला बाजीराव केले आणि कन्नडने त्याच्या शेंडीत फूल खोवले. म्हणून वाक्प्रचाराचा शब्दशः अनुवाद होत नाही. जो तो वाक्प्रचार आपल्या घरीच शिकावा लागतो.

आणि घरीच तो न मिळाला तर? मल्लेश्वरमसारख्या वस्तीतील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. नातू शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकतो; मराठी केवळ आजीशी बोलण्यापुरती. रविवारी मराठी कोडे घेऊन तो तिच्याजवळ बसतो. आजीने आयुष्यात कोडे भरलेले नाही. तिला त्या काळ्यापांढऱ्या चौकोनांत काडीचा रस नाही. नातू वाचतो, "मनात राग ठेवणे. पहिला शब्द दात. पुढे तीन घरं, शेवटी णे. आजी, काढणे लिहू?"

"अरे बाळा, दात काढणं म्हणजे खिदळणं. राग आल्यावर कोणी दात काढतं का?"

"डॉक्टर काढतात की."

"ते वेगळं. मनात राग ठेवतो तो दात धरतो. आपल्या पणजोबांवर त्यांच्या चुलतभावाने विहिरीच्या पाण्यावरून वीस वर्षं दात धरला होता."

नातू 'धरणे' लिहितो. पण कोडे बाजूलाच राहते आणि त्याला विहिरीची गोष्ट हवी असते. कोणती विहीर, कोणते भाऊ, आणि वीस वर्षांनी काय झाले? तीन घरांत मावणाऱ्या एका शब्दाच्या मागून एक गाव, एक भांडण आणि एक समेट बाहेर येतो. कोणत्याही पाकिटातून एवढे मोठे बक्षीस निघाले नसते. आजी आणखी किती रविवार जवळ बसेल हे कोणी सांगू शकत नाही. आणि तिच्यामागे 'दात धरणे' हा शब्द कोशात राहील, पण विहिरीची गोष्ट राहणार नाही.

1957 च्या निकालातील भेद पुढे दीर्घकाळ न्यायालयांच्या कामी आला. पत्त्यांतील रमी, घोड्यांच्या शर्यती आणि अलीकडे संगणकावरील पैशांचे खेळ यांविषयी वाद झाले, तेव्हा कौशल्य की नशीब हा प्रश्न त्याच आधारे विचारला गेला. 2022 मध्ये कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने बंगळुरातच त्याचा आश्रय घेऊन राज्याच्या कायद्यातील काही कलमे रद्द केली. 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि ती घालताना कौशल्य व नशीब हा भेद ठेवला नाही. कायद्याची वाट अशी वळणे घेत राहील. कोडे लिहिणाऱ्याची आणि सोडविणाऱ्याची वाट मात्र सरळ आहे. ज्या सूचनेचे उत्तर एका माणसाच्या कपाटात आहे, तिच्यापुढे हात जोडावेत. ज्या सूचनेचे उत्तर आजीच्या, शेजाऱ्याच्या, बाजारातल्या भाजीवालीच्या तोंडी आहे, ती सोडवावी. आणि अडले तर त्यांनाच विचारावे.

गिरगावच्या त्या कारकुनाने शब्दकोश उघडला, यात त्याची चूक नव्हती. शब्दावर त्याचा विश्वास होता, आणि तो विश्वास योग्यच होता. फक्त ज्या कोड्यावर त्याने तो ठेवला, त्यात शब्दाला किंमत नव्हती.